मास्तर नसलेलं स्टेशन चालतं कसं?

शिमोनादा हे जपानच्या शिकोकु बेटावरचं, एहिमे प्रांतातल्या इयो शहराच्या हद्दीतलं छोटं स्टेशन. एक फलाट, एक रूळ, एक जुनी लाकडी इमारत, फलाटावर लहानसं छप्पर आणि समोर समुद्र. १९९८, १९९९ आणि २००० अशी सलग तीन वर्षं जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या 'सेइशुन १८' या स्वस्त तिकिटाच्या पोस्टरवर हा फलाट झळकला, आणि तेव्हापासून लोक फोटो काढायला इथे येतात. फोटोत एक गोष्ट दिसत नाही, कारण ती तिथे नाहीच : रेल्वेचा माणूस. तिकीटखिडकीवर कोणी नाही, तिकीट तपासायच्या फाटकाशी कोणी नाही, गाडीला झेंडा दाखवायला कोणी नाही. १९८६ पासून हे स्टेशन कर्मचाऱ्यांविना चालू आहे.

असं स्टेशन जपानमध्ये नवलाईचं नाही. तिथल्या वाहतूक मंत्रालयाच्या मोजणीनुसार मार्च २०२० अखेर देशात ९,४६५ रेल्वे स्टेशनं होती आणि त्यांपैकी ४,५६४ स्टेशनांवर कर्मचारी नव्हते. म्हणजे ४८.२ टक्के. मार्च २००२ मध्ये हे प्रमाण ४३.३ टक्के होतं. शिकोकुतल्या कोची प्रांतात तर दहातली नऊहून अधिक स्टेशनं अशीच आहेत. टोकियोच्या गर्दीचे व्हिडिओ बघून जपानी रेल्वेबद्दल आपलं जे मत झालेलं असतं, त्यात हे बसत नाही.

'कर्मचारी नाहीत' याचा अर्थ 'काम नाही' असा घेतला तर मात्र गफलत होते. मास्तरच्या टेबलावरची कामं संपली नाहीत, ती दुसऱ्यांच्या अंगावर गेली. काही दूरच्या नियंत्रण कक्षात गेली, काही गाडीच्या चालकावर पडली, काही गावावर, आणि बरीचशी प्रवाशावर. कुठलं काम कुठे गेलं हे एकदा कळलं, की अशा स्टेशनवरचे सगळे विचित्र वाटणारे नियम आपोआप समजतात.

मास्तर आधी करायचा काय?

शिमोनादा स्टेशन जून १९३५ मध्ये सुरू झालं, तेव्हा एकेरी मार्गावरच्या स्टेशनमास्तरचं सगळ्यात महत्त्वाचं काम तिकीट विकणं हे नव्हतं. ते होतं दोन गाड्या समोरासमोर येऊ न देणं. त्यासाठी धातूची गोल चकती वापरत. दोन स्टेशनांमधल्या टप्प्यासाठी यंत्रातून एका वेळी एकच चकती बाहेर निघायची, आणि ती हातात असल्याशिवाय चालकाला त्या टप्प्यात शिरता येत नसे. शेजारच्या टप्प्याची चकती चुकून दिली जाऊ नये म्हणून चकत्यांच्या मधल्या भोकाचे आकार वेगळे ठेवत : गोल, चौकोनी, त्रिकोणी, लंबगोल. चामड्याच्या पिशवीत घालून मोठ्या कड्याला अडकवलेली ही चकती चालकाच्या हातात पोचवायची, पुढच्या स्टेशनला तारेने कळवायचं, सांधे बदलायचे, सिग्नल पाडायचा. हे सगळं माणसाने करायचं. आपल्याकडे टोकनच्या गोळ्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग आलं केंद्रीय नियंत्रण. रुळांमधून सौम्य वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडी त्या भागात आली की चाकांमुळे तो प्रवाह आखूड वाटेने वळतो आणि कक्षातल्या फलकावर तो भाग व्यापलेला दिसतो. सांधे आणि सिग्नल तिथूनच हलवता येतात. ही व्यवस्था लागली की गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी स्टेशनात माणूस हवाच, ही अट संपते. शिमोनादाला एके काळी गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी दुसरा रूळही होता. तो गेल्यावर तिथे हलवण्यासारखा सांधाच उरला नाही. सांधा नाही, सिग्नल नाही. रेल्वेच्या दृष्टीने ती रुळालगतची थांबायची जागा झाली.

मास्तरचं दुसरं मोठं काम सामानाचं : पार्सलं, मासळीच्या पेट्या, संत्र्यांची खोकी. जपानी सरकारी रेल्वेने १९८४ मध्ये छोट्या स्टेशनांवरून डबे गोळा करणारी जुनी मालवाहतूक बंद केली आणि १९८६ मध्ये पार्सलसेवाही जवळपास गुंडाळली. ते काम ट्रकवाल्यांकडे गेलं.

शिमोनादाच्या बाबतीत शेवटचा धक्का नकाशाने दिला. ३ मार्च १९८६ ला मुकाइबारा ते उचिको हा डोंगरातून जाणारा जवळचा मार्ग सुरू झाला, ६,०१२ मीटर लांबीच्या इनुयोसे बोगद्यासह. सगळ्या जलद गाड्या त्या दिवसापासून तिकडे वळल्या. समुद्राकाठचा जुना, वळणावळणाचा मार्ग फक्त पॅसेंजर गाड्यांसाठी उरला. मग मास्तर ठेवायचा कशासाठी?

पैशाचं गणित

हे फक्त तंत्रज्ञानामुळे झालं असं म्हणणं अर्धवट ठरेल. सरकारी रेल्वे कर्जात बुडालेली होती. १ एप्रिल १९८७ ला तिचे सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी असे तुकडे झाले. शिकोकु, होक्काइदो आणि क्यूशू ही तीन बेटं तोट्यातच चालणार हे तेव्हाही माहीत होतं, म्हणून त्यांना एकेक मोठा निधी दिला. शिकोकुच्या वाट्याला आले २०८ अब्ज येन. या निधीच्या व्याजातून दरवर्षीचा तोटा भरून निघेल, असा हिशोब होता आणि व्याजाचा दर धरला होता साधारण ७.३ टक्के. पुढे जपानमध्ये व्याजदर कुठल्या कुठे घसरले. हिशोब कोलमडला. पगार हा स्टेशनवरचा सर्वांत मोठा खर्च, त्यामुळे कात्री तिथेच लागत गेली.

पूर्ण कर्मचारी आणि शून्य कर्मचारी यांच्या मधली एक पायरीही आहे. स्टेशनासमोरचा दुकानदार किंवा गावातली संस्था कमिशनवर तिकिटं विकते. त्यांनी फक्त तिकीट विकायचं, गाडीच्या हालचालीशी संबंध नाही. आपल्याकडच्या हॉल्ट स्टेशनांवर कमिशनवर तिकीट विकणारे एजंट असतात, तोच प्रकार. दुकानदार म्हातारा झाला, मुलगा शहरात गेला, की ही पायरीही संपते.

तिकीट कोण घेतं, कोण तपासतं

सुरुवातीला मास्तर गेला तरी गाडीत कंडक्टर होता. तो डब्यातून फिरून तिकिटं द्यायचा. खासगीकरणानंतर ग्रामीण मार्गांवर तोही कमी झाला आणि एका माणसाची गाडी आली. जपानीत तिला 'वानमान' म्हणतात. चालकच गाडी चालवतो, दारं उघडतो, भाडं घेतो, पास बघतो. ही सगळी रचना एसटीच्या टप्प्यांसारखी आहे, फक्त कंडक्टरच्या जागी दोन यंत्रं आहेत : एक चढायच्या दाराशी, एक चालकाशेजारी.

शिकोकुत कर्मचारी नसलेल्या स्टेशनवर चढायचं ते पहिल्या डब्याच्या मागच्या दाराने आणि उतरायचं त्याच डब्याच्या पुढच्या दाराने, चालकाच्या नजरेसमोरून. गाडी दोन डब्यांची असली तरी मागच्या डब्याची दारं अशा स्टेशनवर उघडत नाहीत. चढताना दाराशी एक छोटं यंत्र कागदाची चिठ्ठी बाहेर काढतं. तिला 'सेइरिकेन' म्हणतात. तिच्यावर एक क्रमांक असतो. हे तिकीट नव्हे. तुम्ही कुठून चढलात याचा तो पुरावा आहे, बस्स.

चालकाच्या डोक्यावर भाड्याचा फलक असतो. त्यावर चौकटी : १, २, ३, ४... प्रत्येक क्रमांकाखाली या क्षणी उतरलात तर किती येन द्यायचे तो आकडा. समजा, तुमच्या चिठ्ठीवर ४ आहे आणि पुढचं स्टेशन येताना ४ च्या चौकटीत ३३० दिसतंय. मग चिठ्ठी आणि ३३० येन चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे आणि उतरायचं. एक स्टेशन पुढे गेलात तर त्याच चौकटीतला आकडा वाढलेला असेल. बारा वर्षांखालच्या शाळकरी मुलाला अर्धं भाडं, आणि निम्मं करताना १० येनपेक्षा कमी बाकी उरली, म्हणजे पाच येन, तर ती सोडून दिली जाते. बसमध्ये मात्र काही ठिकाणी उलट, ती वर दहापर्यंत नेतात. त्यामुळे शंका असेल तर फलकावरच्या आकड्याचं निम्मं स्वतः न करता चालकाला विचारलेलं बरं.

या यंत्रणेतली चतुराई अशी की घोषणा, भाड्याचा फलक आणि चिठ्ठीचा क्रमांक हे तिन्ही एकाच धाग्याने बांधलेले असतात. स्टेशन सुटलं की चालक एक बटण दाबतो. ध्वनिमुद्रित आवाज पुढच्या स्टेशनचं नाव सांगतो, फलकावरचे सगळे आकडे बदलतात आणि चिठ्ठीच्या यंत्रातला क्रमांक एकाने पुढे सरकतो. चिठ्ठीवर स्टेशनचं नाव असलंच पाहिजे असं नाही, क्रमांक पुरतो. त्यामुळे एकच यंत्र कुठल्याही मार्गावर चालतं. उणीव अशी की बटण एकदा जास्त किंवा एकदा कमी दाबलं गेलं तर पुढच्या सगळ्यांचं भाडं एका स्टेशनने चुकतं. म्हणून चालक प्रत्येक वेळी फलकाकडे बघून खात्री करून घेतो.

गडबड कुठे होते

पहिली गडबड चिठ्ठी न घेण्याची. फलकाच्या सुरुवातीला 'चिठ्ठी नाही' अशी एक चौकट असते. तिच्याखालचा आकडा गाडी जिथून सुटली तिथपासूनचा, म्हणजे बहुधा सर्वांत मोठा असतो. चिठ्ठी नसेल आणि कुठून चढलात ते पटवून देता आलं नाही, तर तो आकडा भरायची वेळ येते. यंत्र अडकलं, कागद संपला, चिठ्ठी फाटली तर लगेच पुढे जाऊन चालकाला सांगावं. गाडी थांबलेली असतानाच. धावत्या गाडीत त्याच्याशी बोलू नये.

दुसरी गडबड सुट्ट्यांची. ही परदेशी प्रवाशांना हमखास नडते. भाड्याची पेटी बहुतेक ठिकाणी उरलेले पैसे परत देत नाही. तिच्याच अंगाला सुटे करून देणारी वेगळी फट असते. तिथे १,००० येनची नोट किंवा ५००, १०० येनचं नाणं घातलं की खुर्दा मिळतो. तो मोजून मग भाड्याच्या फटीत टाकायचा. या दोन फटींची अदलाबदल ही रोजची चूक : नोट थेट भाड्यात टाकली की चालकाला गाडी थांबवून हिशोब करत बसावं लागतं. ५,००० आणि १०,००० च्या नोटा ही यंत्रं सहसा घेत नाहीत. शिवाय नोव्हेंबर २०२१ मध्ये नवं ५०० येनचं नाणं आणि जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या. यंत्रं बदलायला खर्च येतो, त्यामुळे काही जुन्या पेट्या नवं नाणं ओळखत नाहीत. उपाय सोपा आहे. मोठ्या स्टेशनवर पाण्याची बाटली घ्या, नोट मोडा, खिशात १०० ची सहा-सात आणि १० ची पाच-सहा नाणी ठेवा. आणि सुटे करायचं काम उतरायच्या रांगेत उभं राहून नको, आधीच्या एखाद्या थांब्यावर उरका.

तिसरी गडबड कार्डाची. टोकियो-ओसाकात फाटकावर टेकवायचं कार्ड वापरून सवय झालेली असते. पण हे कार्ड ठरावीक क्षेत्रातच चालतं, आणि शिमोनादासारख्या स्टेशनवर ते टेकवायला काहीच नाही. क्षेत्राच्या आत कार्ड टेकवून चढलात आणि क्षेत्राबाहेर उतरलात तर पूर्ण भाडं रोख भरावं लागतं. वर कार्डात 'प्रवास चालू' अशी नोंद अडकून राहते. ती पुसायला चालकाकडून लेखी पुरावा घेऊन कार्ड चालणाऱ्या एखाद्या स्टेशनच्या खिडकीवर जावं लागतं. काही कर्मचारीविरहित स्टेशनांवर कार्डासाठी नुसते खांब उभे केलेले असतात, फाटक नसतं. तिथे उतरताना टेकवायला विसरलात तर अडवणारं कोणी नाही. पण दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी फाटकावर कार्ड नाकारलं जातं.

उतरायचं स्टेशन मोठं असेल तर वेगळा नियम. मात्सुयामासारख्या स्टेशनवर सगळी दारं उघडतात, गाडीत पैसे भरायचे नाहीत. चिठ्ठी हातात ठेवून फाटकाशी असलेल्या कर्मचाऱ्याकडे भाडं द्यायचं. सप्टेंबर २०२४ पासून मात्सुयामा स्टेशन उड्डाणमार्गावर गेलं आणि तिथे स्वयंचलित फाटकं आली. चिठ्ठी त्या फाटकात सारू नये. माणूस असलेल्या बाजूने जावं. मध्ये गाडी बदलायची असेल तरी तीच चिठ्ठी शेवटपर्यंत सांभाळायची. जेआर पास असेल तर पैसे द्यायचे नाहीत, उतरताना चालकाला पास दाखवायचा. तरी चढताना चिठ्ठी घ्यावी. तिने कोणाचं काही बिघडत नाही आणि शंका आली तर उपयोगी पडते.

फुकट जाणाऱ्यांचं काय, हा प्रश्न कोणालाही पडेल. थोडे जातातच. सर्वांत सोपी पळवाट म्हणजे दोन्ही टोकांना थोड्या थोड्या अंतराचं तिकीट दाखवायचं आणि मधलं लांबलचक अंतर गाळायचं. नियमानुसार पकडलं तर मूळ भाडं आणि त्याच्या दुप्पट दंड, म्हणजे एकूण तिप्पट. अधूनमधून तपासणी पथक चढतं. पण खरं सांगायचं तर कंपनीने साधा हिशोब केलेला असतो : बुडणारं भाडं एका माणसाच्या वर्षभराच्या पगारापेक्षा कमी आहे. शिवाय या गाड्यांमधले बरेचसे प्रवासी हायस्कूलची मुलं आणि त्यांच्याकडे पास. उरलेल्यांना चालक चेहऱ्याने ओळखतो.

दारं, आरसे आणि साठ सेकंद

भाड्याइतकंच चालकावर आलेलं दुसरं काम दारांचं. फलाटावर ठरलेल्या खुणेशी गाडी नेमकी थांबवावी लागते, नाहीतर फलाटाच्या टोकाला लावलेल्या गोल आरशात मागचं दार दिसत नाही. दार बंद करण्याआधी तो गाडीतल्या आणि फलाटावरच्या आरशांत बघतो, कोणी धावत येतंय का ते पाहतो, मग दार लावतो. दार पूर्ण मिटल्याचा दिवा लागल्याशिवाय गाडी हलत नाही.

आणि चालकालाच काही झालं तर? गाडीत दुसरा माणूसच नाही. त्यासाठी एक यंत्र असतं. चालकाने साधारण एक मिनिट कुठलाही दांडा, भोंगा किंवा बटण हलवलं नाही तर कर्कश घंटा वाजते. पाच सेकंदांत त्याने प्रतिसाद दिला नाही तर आपत्कालीन ब्रेक लागतो. म्हणून सरळ, लांब मार्गावरही चालक मधूनमधून एक बटण दाबताना दिसतो.

या रचनेची मोठी मर्यादा म्हणजे वेळ. पन्नास पर्यटक एका दाराने, एकेक करून, खुर्दा मोजत उतरले की गाडीला उशीर होतो. एकेरी मार्गावर तो उशीर एकाच गाडीपुरता राहत नाही. पुढच्या क्रॉसिंगवर समोरची गाडी वाट बघत उभी असते. ती उशिरा सुटते, मग तिच्यासाठी आणखी कोणी थांबतं. शाळकरी मुलांच्या गाडीत सुट्ट्या पैशांचा घोळ घालणारा पर्यटक सगळ्या मार्गाला पाच मिनिटं मागे टाकू शकतो, आणि टाकतोही.

शिमोनादाला प्रत्यक्ष जायचं असेल तर

मात्सुयामाहून साधारण एक तास लागतो. मोठा सापळा मुकाइबाराला आहे. तिथे मार्ग दुभंगतो : एक डोंगरातून उचिकोकडे, दुसरा किनाऱ्याने इयो-नागाहामाकडे. शिमोनादा दुसऱ्यावर आहे. वेळापत्रकात आणि फलकावर 'इयो-नागाहामामार्गे' असं बघून बसायचं. उचिकोमार्गे जाणारी पॅसेंजर किंवा कुठलीही जलद गाडी पकडलीत तर बोगद्यातून भलतीकडे जाल. विजेच्या तारा इयो शहराच्या मुख्य स्टेशनापर्यंतच आहेत. त्यापुढे डिझेलच्या गाड्या, बहुतेक वेळा एक किंवा दोन डब्यांच्या.

दोन गाड्यांमध्ये दिवसा दोन-तीन तासांचं अंतर पडू शकतं, म्हणून जाण्याआधी परतीची वेळ बघून ठेवायची. गाडी यायच्या पाच मिनिटं आधी फलाटावर, 'चढायची जागा' अशी खूण असेल तिथे उभं राहायचं. चालक भलत्या टोकाला उभ्या असलेल्या माणसासाठी थोडा थांबेल. फोटो काढत रस्त्यापलीकडे गेलेल्यासाठी नाही. आणि फलाटाची कड आणि रूळ यांच्यात फक्त तुमची अक्कल आहे. फोटोसाठी रुळावर उतरणारे महाभाग इथेही असतात. असं कोणी दिसलं की चालकाला गाडी थांबवावी लागते, नियंत्रण कक्षाला कळवावं लागतं, आणि पुन्हा तोच उशीर.

जुन्या फोटोंत समुद्र फलाटाच्या अगदी पायथ्याशी दिसतो. आता मध्ये ३७८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे, समुद्रात भर टाकून केलेला. फलाट उंचावर असल्याने फोटोत रस्ता लपतो, इतकंच. २०१४ पासून 'इयोनादा मोनोगातारी' ही पर्यटक गाडीही या मार्गावर धावते आणि शिमोनादाला काही मिनिटं थांबते. ती आरक्षित असते, तिच्यात वरचं चिठ्ठीपुराण लागू नाही.

मुसळधार पाऊस किंवा वादळात गाड्या बंद पडल्या तर सांगायला फलाटावर कोणी नसतं. मार्गालगतच्या पर्जन्यमापकाने ठरावीक पातळी ओलांडली की वेग कमी करायचा किंवा गाड्या थांबवायच्या, असे आदेश कक्षातून निघतात. तुम्हाला कळतं ते कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा स्टेशनात लावलेल्या क्रमांकावर फोन केला तर. मोबाइल चार्ज करून जा.

ज्यांना हे जमत नाही

आतापर्यंतचं सगळं धडधाकट, वाचता येणाऱ्या, वेळ हाताशी असलेल्या प्रवाशासाठी झालं. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी हेच स्टेशन बंद दारासारखं आहे. जुन्या फलाटांची उंची रुळापासून ७६० मिलिमीटर, डिझेल डब्याचा तळ त्याहून बराच वर, मध्ये पायरी. फलाटावर जायला कधी जिना, कधी रुळावरून ओलांडणं. कर्मचारी असताना ते उचलून लावायचा उतार (रॅम्प) दाराशी लावायचे. आता आधी फोन करून कळवायचं, मग जवळच्या मोठ्या स्टेशनवरून कोणी येणार किंवा चालक उतार लावणार. मनात आलं आणि गाडीत बसलो, हे शक्य नाही.

क्यूशूच्या रेल्वे कंपनीने २०१५ मध्ये काशिई मार्गावर कॅमेरे आणि इंटरकॉमच्या साहाय्याने दुरून मदत करायची पद्धत सुरू केली आणि पुढे ती ओइता भागात नेली. त्याविरुद्ध २०२० मध्ये तिथल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशांनी न्यायालयात दावा लावला. प्रवासाचं स्वातंत्र्य हिरावलं जातंय, असं त्यांचं म्हणणं. २०२२ मध्ये वाहतूक मंत्रालयाने अशा स्टेशनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : आगाऊ कळवण्याची सक्ती शक्य तितकी टाळावी, दूरवरून बोलता येण्याची सोय असावी, चालकाने मदत करावी. सूचनाच त्या, कायदा नव्हे. लिफ्ट-उतारांचं सरकारी उद्दिष्टही रोज सरासरी हजारोंनी प्रवासी येणाऱ्या स्टेशनांभोवती फिरतं. दिवसाला शंभर माणसं येणारं स्टेशन त्या यादीत कधी येणार?

झाडलोट कोणाची, बिल कोणाचं

उरलेली कामं गावाकडे गेली. अनेक ठिकाणी झाडलोट, फुलझाडं, प्रतीक्षागृहातली बाकं हे सगळं आसपासचे रहिवासी बघतात. कचऱ्याचा डबा बहुधा नसतोच. आपला कचरा आपण परत न्यायचा. होक्काइदोत जुन्या लाकडी इमारती पाडून त्यांच्या जागी मालगाडीचे निवृत्त गार्डाचे डबे, चाकं काढून, प्रतीक्षागृह म्हणून ठेवले. दिसायला गमतीशीर, पण बर्फात चार भिंती आणि छप्पर स्वस्तात मिळतं.

वाकायामातल्या किशी स्टेशनने वेगळीच वाट धरली. २००६ मध्ये कर्मचारी हटवले आणि जानेवारी २००७ मध्ये शेजारच्या दुकानातल्या तामा नावाच्या मांजरीला स्टेशनमास्तर नेमलं, टोपीसकट. २०१५ मध्ये ती गेली, पण तोवर तिच्यामुळे आलेल्या पर्यटकांनी त्या छोट्या मार्गाला चांगला हात दिला होता. सगळ्याच स्टेशनांना मांजर पावत नाही.

मार्च २०२१ च्या वेळापत्रकात होक्काइदोच्या कंपनीने १८ स्टेशनं बंद केली आणि आणखी १८ स्टेशनांचा देखभालखर्च स्थानिक नगरपालिकांकडे सोपवला. गावापुढे निवड स्पष्ट होती : खर्च उचला, नाहीतर स्टेशन जाईल. बर्फ काढणं, दिवे, छपराची डागडुजी हे आता पालिकेच्या अंदाजपत्रकात येतं.

याच संदर्भात २०१६ साली आपल्याकडेही घरोघरी फिरलेला एक निरोप आठवत असेल : जपानने एका शाळकरी मुलीसाठी अख्खं स्टेशन चालू ठेवलं आणि ती पदवीधर होईपर्यंत बंद केलं नाही. गोष्ट गोड आहे, पण तपशील चुकलेले. निरोपात नाव होतं कामी-शिराताकी. ती मुलगी चढायची शेजारच्या क्यू-शिराताकीवरून. त्या गाडीने जाणारी ती एकटी विद्यार्थिनी नव्हती. कामी-शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही तिन्ही स्टेशनं २६ मार्च २०१६ ला एकदम बंद झाली ती प्रवासी नसल्याने. तारीख जुळली, कारण जपानी रेल्वेचं मोठं वेळापत्रक मार्चमध्येच बदलतं आणि शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं. तेव्हा मार्चच्या उत्तरार्धात अशा एखाद्या आडवाटेच्या स्टेशनला जायचा बेत असेल, तर वेळा नव्या वेळापत्रकातूनच घ्या, आणि ते स्टेशन त्यात आहे ना, हेही बघा.